लघुग्रहावरच्या खाणीची कथा लिहितोय, माझ्या खाणकामगाराला उभं कसं करू?

पाताळयात्री

नमस्कार. मी सव्वीस वर्षं जमिनीखालच्या खाणीत काढली. आधी हाताखालचा माणूस, मग ड्रिलवर, शेवटची नऊ वर्षं पाळीप्रमुख. निवृत्तीनंतर एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. काळ दीडशे वर्षांनंतरचा. अर्धा किलोमीटर रुंदीच्या एका लघुग्रहावर चाळीस माणसांची वसाहत आहे आणि ती खाणीवर जगते. नायक पाळीप्रमुखच आहे. दोन प्रकरणं झाली. तिसऱ्यात तो पहिल्यांदा कामाच्या जागी जातो, आणि तिथे मी दोन महिने अडकून बसलोय.

अडचण अशी, की मी जे काही खाणकाम जाणतो ते सगळं वजनावर चालतं. ड्रिल दगडात घुसतं कारण त्यामागे यंत्राचा आणि माणसाचा भार असतो. सुरुंग उडाला की फुटलेला दगड खाली पडतो, ढीग होतो, ढीग उचलता येतो. माल उतारावरून आपोआप घसरतो. पाणी सगळ्यात खालच्या जागी जमतं, तिथे पंप लावायचा. धूळ बसते आणि थोड्या वेळाने समोरचं दिसायला लागतं. वायूसुद्धा आपापली जागा धरून असतात. मिथेन हलका म्हणून छताला, कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाला. नव्या पोराला पहिल्या आठवड्यातच सांगायचो, खोलगट जागेत टेकायचं नाही.

आता यातलं वजन काढून घ्या. 'तो दगडासमोर उभा राहिला' असं मी लिहितो आणि लगेच खोडतो, कारण 'उभा' हाच शब्द खोटा वाटतो. ड्रिल चालू केलं तर ते दगडात जाईल की माणूस मागे फेकला जाईल? सुरुंग लावला तर दगड जाईल कुठे?

शिवाय तो खणतो काय? पहिल्या मसुद्यात प्लॅटिनम लिहिलं होतं. वाचताना मलाच पटलं नाही. चाळीस माणसं जीव टांगणीला लावून जे काढतात, त्याचा त्यांच्या स्वतःच्या जगण्याशी काही संबंधच उरत नाही.

आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक खाणीची तिची तिची भीती असते. आमच्याकडे ती छताची होती. छत पडायच्या आधी बोलतं. बारीक करकर येते, लाकडी टेकू कण्हल्यासारखा वाजतो, वरून चिमूटभर माती झरते. तो आवाज आला की हातातलं टाकून मागे पळायचं, का म्हणून विचारायचं नाही. एकदा मी एका सोबत्याला दंडाला धरून मागे ओढलं, आणि आम्ही होतो तिथे काही क्षणांत ट्रकभर दगड आला. त्यानंतर कित्येक वर्षं मी झोपेतही छत ऐकत असे. लघुग्रहावरचा माणूस काय ऐकत असेल? निर्वातात आवाजच नाही. अवकाशातले लुटारू आणि उल्कांचा मारा मला नको आहे. रोजच्या पाळीतली भीती हवी आहे.

कथेपुरतं चालून जाईल, असं कृपया म्हणू नका. खाणीत उतरलेल्या माणसाने ही कथा वाचली तर त्याला ती आपली वाटली पाहिजे.

उल्कावेध

'उभा' खोडलंत ते योग्यच केलंत. अर्धा किलोमीटर म्हणालात, तर बेन्नू हा लघुग्रह समोर ठेवा. व्यास सुमारे ४९० मीटर, स्वतःभोवती फेरी सव्वाचार तासांत. म्हणजे तुमच्या आठ तासांच्या पाळीत जवळजवळ दोनदा सूर्य उगवणार. तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण आहे, की पोशाख आणि अवजारांसकट दोनशे किलोच्या माणसाचं वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम भरेल. छातीच्या उंचीवरून सुटलेला पाना जमिनीला टेकायला तीन-चार मिनिटं घेईल. आणि सेकंदाला वीसेक सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने काहीही वर गेलं तर ते परत येत नाही. हा वेग किती? सावकाश चालणारा माणूसही याच्या तिप्पट-चौपट वेगाने चालतो. त्यामुळे सुरुंग विसरा. फुटलेला दगड एकतर कायमचा जाईल, नाहीतर बराच काळ भोवती घिरट्या घालत तुमच्याच माणसांच्या अंगावर येईल.

पण याहून मोठी चूक तुमच्या मनात आहे ती 'दगड' या शब्दाची. २० ऑक्टोबर २०२० रोजी ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नूला आपला हात टेकवला तेव्हा पृष्ठभाग कठीण असेल असा बऱ्याच जणांचा कयास होता. तो हात जवळपास अर्धा मीटर आत गेला, तोही काही विशेष विरोध न होता. यानाने लगेच इंजिन पेटवून माघार घेतली म्हणून बरं, नाहीतर ते आणखी रुतत गेलं असतं. मागे आठेक मीटर रुंदीचा खड्डा उरला. बेन्नू हा अखंड खडक नाहीच. जुन्या टकरीत फुटलेल्या तुकड्यांचा तो सैल ढीग आहे, आणि आत जवळपास निम्मी पोकळी आहे. रयुगू या दुसऱ्या लघुग्रहावर २०१९ मध्ये हायाबुसा-२ या जपानी यानाने दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने मारला, तिथेही खड्डा दहा मीटरहून मोठा पडला, कारण कणाला कण धरून ठेवणारं जवळजवळ काही नव्हतं.

अजून एक तपशील तुमच्या धुळीसाठी. बेन्नूवरचा नमुना घेतल्यावर डब्याच्या झाकणात खडे अडकले, ते नीट लागेना, आणि फटीतून कण अवकाशात निसटत राहिले. तरीही २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर १२१.६ ग्रॅम माल पोचला. पण बसणारी धूळ तिथे नाही, हे त्या दृश्यात डोळ्यांनी दिसलं.

पाताळयात्री

उल्कावेध, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. सैल ढीग म्हणालात आणि माझ्या हाताला एकदम ओळख पटली. अशी जमीन आम्ही पाहिली आहे. वाळू आणि गोटे मिसळलेला थर लागला की तो खणायचा नसतो. जितकं काढाल तितकं आत वाहून येतं, आणि त्यात बोल्ट मारले तर ते दातासारखे हलतात. तिथे आधी चारी बाजूंनी बंदिस्त करायचं, मग थोडंथोडं काढायचं.

मग तिथेही तसंच करायचं का? समोर जाऊन खणण्याऐवजी तुकड्याला आधी गुंडाळून टाकायचं?

उल्कावेध

अगदी. एखादा लहान लघुग्रह अख्खाच्या अख्खा पिशवीत घालून चंद्राजवळ आणायची कल्पना नासाने काही वर्षं गंभीरपणे अभ्यासली होती. पुढे योजना बदलत गेली आणि २०१७ मध्ये बंद झाली, पण पिशवीचं तर्कशास्त्र आजही भक्कम आहे. तुमच्या माणसांनी पृष्ठभागावरचा घराएवढा धोंडा हेरावा, त्याला पिशवी चढवावी, तोंड आवळावं, आणि सावकाश ओढून बाजूला न्यावं. काम त्या पिशवीत.

मालाची वर्गवारी कशी करायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पाळीप्रमुखाला ते लागेलच. तिथे 'खाली' नाही, म्हणून ते तयार करावं लागतं. माल फिरत्या पिंपात घालायचा. जड कण कडेला जातात, हलके मध्ये राहतात. तुमच्या नायकाच्या तोंडी 'पिंप लाव' याचा अर्थ 'खाली तयार कर' असाच असेल. असे शब्द वसाहतीत आपोआप रुळतील, ते जरूर वापरा.

मात्र एक मोह टाळा. अख्खा लघुग्रह गरागरा फिरवून त्याच्या पोटात वजन निर्माण करायचं, असं बऱ्याच कथांत असतं. सैल ढीग साधारण सव्वादोन तासांपेक्षा जलद फिरला की स्वतःच विखुरतो. वजन हवं असेल तर दोन खोल्या साडेचारशे मीटरच्या दोराने बांधून एकमेकींभोवती फिरवा. मिनिटाला दोन फेऱ्या दिल्यात तर पृथ्वीइतकं वजन मिळेल. वजनाशिवाय दर महिन्याला हाडांतलं एक-दीड टक्का द्रव्य झिजत जातं, तेव्हा चाळीस माणसं वर्षानुवर्षं ठेवायची तर हा दोर पाहिजेच.

जलखनिज

मी प्रयोगशाळेत माती आणि खनिजांचं विश्लेषण करते, म्हणून 'काय खणायचं' याबद्दल बोलते. प्लॅटिनम काढून टाकलंत हे मनापासून आवडलं. धातूच्या उल्कांमध्येही ते टनामागे ग्रॅमांत मोजावं लागतं. आणि 'अख्खा लोखंडाचा डोंगर' म्हणून गाजलेला सायकी हा लघुग्रह, त्याची घनता घनसेंटीमीटरला चार ग्रॅमच्या आसपास निघते. लोखंडाची जवळपास आठ असते. म्हणजे तोही निव्वळ धातू नाही. २०२३ मध्ये निघालेलं यान २०२९ मध्ये तिथे पोचणार आहे, तेव्हा नीट कळेल.

तुमची माणसं पाणी खणतात. काळ्या, कार्बनयुक्त लघुग्रहांतलं पाणी बर्फाच्या लाद्यांसारखं नसतं, ते चिकणमातीच्या खनिजांत बांधलेलं असतं. अशा काही उल्कांत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी सापडतं. ते पिळून निघत नाही. माल काही शे अंशांपर्यंत तापवावा लागतो, मग वाफ सुटते, ती थंड भिंतीवर गोठवून धरायची. पिशवीची कल्पना इथे चपखल बसते, कारण आरशांनी सूर्य एकवटून पिशवीतला धोंडा भाजता येतो आणि वाफ निसटत नाही. तुमची खाण म्हणजे एका अर्थी भट्टी आहे.

आणि हे पाणी कुणाच्या उपयोगाचं, याचं उत्तर इतकं थेट आहे की मला ते लिहितानाही आनंद होतोय. नऊ किलो पाणी विजेने फोडलं की आठ किलो ऑक्सिजन आणि एक किलो हायड्रोजन मिळतो. हे दोन्ही मिळून रॉकेटचं इंधन. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे जेमतेम एक लिटर पाणी. चाळीस माणसं, चाळीस लिटर. आपण पाळीत काय काढलं हे तुमचा नायक टनांत सांगणार नाही, 'आज किती जणांचे किती दिवस निघाले' असं सांगेल. तुमच्या खाणीत फळ्यावर टनांचा आकडा लिहीत असाल ना? तिथे माणूस-दिवस लिहिलेले असू देत.

ग्राहकही आहेत. पृथ्वीवरून प्रत्येक लिटर वर न्यायचा तर त्याला सेकंदाला जवळपास आठ किलोमीटरचा वेग द्यावा लागतो. लघुग्रहावरून निघताना ढकलून दिलं तरी सुटतं. ज्या यानांना पुढे जायचंय ती तुमच्याकडे पाणी भरायला येतील.

कक्षा_अभ्यासक

थोडा वेगळा मुद्दा. माणसं हवीतच कशाला? आज लघुग्रहांवर जे काही झालं ते यंत्रांनीच केलं. दीडशे वर्षांनी यंत्रं याहून शहाणी असतील. वाचक हा प्रश्न विचारणार, आणि त्याचं उत्तर नसेल तर वसाहत कृत्रिम वाटेल.

शिवाय तो दाट लघुग्रहांचा पट्टा कृपया दाखवू नका. तिथे दोन मोठ्या लघुग्रहांमधलं अंतर सरासरी दहा लाख किलोमीटरच्या घरात असतं. एकावर राहून शेजारचा दिसला तर तारकेसारखा ठिपका दिसेल. संपूर्ण पट्ट्याचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीनेक टक्के आहे, आणि त्यातलंही जवळपास एक तृतीयांश एकट्या सेरेस या बटुग्रहात. एकाकीपणा हा त्या जागेचा खरा गुण आहे.

मालकी कुणाची हेही कुठेतरी यायला हवं. १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे कुठलाही देश खगोलावर हक्क सांगू शकत नाही. पण काढलेला माल कुणाचा, यावर अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये आपापले कायदे केले, तो काढणाऱ्याचा म्हणून. म्हणजे जमीन कुणाचीच नाही आणि पाणी कंपनीचं, अशा जागेत तुमची चाळीस माणसं राहतात.

पाताळयात्री

जलखनिज, फळ्यावरचे माणूस-दिवस मी घेतले. तुमच्या एका ओळीने माझं अख्खं प्लॅटिनम गेलं, आणि त्याचं काहीच दुःख नाही.

माणसं कशाला, याचं उत्तर मी कामावरून देतो. आमच्याकडेही मोठी यंत्रं आली, दुरून चालवायची. ती छान चालत. मग एखादा दगड पट्ट्याखाली तिरका अडकायचा. पडद्यावर बघून कुणालाच कळत नसे की तो कुठून धरला म्हणजे सुटेल. शेवटी एक माणूस आत जायचा, दगडावर हात ठेवायचा, इकडून तिकडून दाबून बघायचा आणि पहारीने एकाच जागी टोला द्यायचा. नुसतं खणायला माणूस लागत नाही हे मान्य. अडकलेलं सोडवायला लागतो. आणि सैल ढिगात तर रोजच काहीतरी अडकणार. एखाद्या धोंड्याची पिशवी अर्धवट चढलेली असताना तिचा दोर कुठे गुंतलाय, हे तिथे असलेल्यालाच दिसेल.

पृथ्वीवरून यंत्र चालवलं तर? संदेश पोचायला किती वेळ लागेल?

कक्षा_अभ्यासक

मुख्य पट्ट्यात सेरेसच्या अंतरावर असाल तर एका बाजूने पंधरा ते एकतीस मिनिटं. 'दोर गुंतला' हे कळून 'थांब' हा शब्द परत येईपर्यंत अर्धा ते एक तास. तुमचं उत्तर मला पटलं. माझा आक्षेप मागे घेतो.

शून्यभार

बंदिस्त जागेतल्या हवेची व्यवस्था हे माझं काम आहे. बाकीच्यांनी तुमचे हात-पाय सोडवले, मी भीतीबद्दल सांगतो, कारण ती तुमच्याच पहिल्या संदेशात आहे आणि तुम्ही तिच्यावरून पुढे निघून गेलात.

तुम्ही लिहिलंत, कार्बन डायऑक्साइड तळाला बसतो. तो बसतो कारण वजन आहे. वजन नसेल तर गरम हवा वर जात नाही आणि जड हवा खाली येत नाही. मेणबत्ती लावली तर ज्योत लांबट होत नाही, निळसर गोळा होतो आणि मंदावतो, कारण तिने सोडलेला वायू तिच्याच भोवती साचून राहतो. माणसाचंही तेच. वजनरहित खोलीत पंखा नसेल तर झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्या नाकातोंडापुढेच रेंगाळतो. खोलीत ऑक्सिजन भरपूर असतो, आणि तरी तो माणूस स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा घेत राहतो. आधी डोकं जड होतं, मग ठणकतं, धाप लागते. अंतराळ स्थानकात म्हणून हवा सतत खेळती ठेवावी लागते.

म्हणजे तुमच्या खाणीतली ती खोलगट जागा तिथे प्रत्येकाच्या तोंडासमोर असते. जिथे थांबाल तिथे ती तयार होते.

फिरत्या खोल्यांत वजन आहे, तिथे धोका कमी. पण कामाच्या जागेजवळ मधल्या सुटीसाठी एखादी छोटी खोली असेलच, न फिरणारी. तिथे पंखा म्हणजे सर्व काही.

आणखी एक. धोंड्याला हात लावून कंप ऐकायची कल्पना मनात असेल तर ती सोडा. इतक्या पोकळ, सैल ढिगात कंप फार दूर जात नाहीत, विरून जातात. ती जमीन तुमच्या छतासारखी बोलणार नाही.

पाताळयात्री

शून्यभार, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आमच्या खाणीवर मुख्य पंखा होता. जमिनीवर बसवलेला, आणि त्याचा आवाज खाली कधी ऐकू येत नसे. पण हवेचा एक हलका दाब गालावर सतत असायचा, इतका सवयीचा की तो आहे हेच विसरायला होई. एका रात्रपाळीला वीज गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासोबत एक वयस्कर गडी होता, तो बोलता बोलता मध्येच थांबला, गालाला हात लावला आणि म्हणाला, "वारं गेलं." त्या रात्री सगळी पाळी वर आणली. कुणाला काही झालं नाही, म्हणून ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितलीही नव्हती. छताच्या गोष्टी सगळे ऐकतात. मी भीती छतात शोधत राहिलो.

तिसरं प्रकरण काल रात्री पुन्हा लिहिलं. सुरुवात इथे देतो, तपासून सांगा.

> पंखा थांबला तेव्हा सुटीच्या खोलीत सहा माणसं झोपली होती. भिंतींना बांधलेल्या सहा पिशव्या, सहा तोंडं बाहेर. पाळीप्रमुख जागा झाला तो गालामुळे. गाल कोरडा असायचा, तो दमट लागत होता. त्याने डोळे उघडायच्या आधी मान डावीकडे नेली, मग उजवीकडे, आणि नव्या जागची हवा आत ओढली. मग पिशवीची गाठ सोडली. फळ्यावर कालचा आकडा होता: दोनशे बारा माणूस-दिवस. टाक्या भरलेल्या होत्या. त्याने पहिल्या पिशवीपाशी जाऊन कामाची वही उघडी केली आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडापुढे हलवायला लागला. एक, दोन, तीन, चार. मग दुसऱ्याकडे. तिला हाक मारून उठवायला वेळ होता, पण आधी सहाही तोंडांपुढची हवा हलली पाहिजे होती.

जलखनिज

'टाक्या भरलेल्या होत्या' या वाक्याने अंगावर काटा आला. ते अजिबात समजावून सांगू नका, तसंच ठेवा.

शून्यभार

हवेच्या बाजूने सगळं बरोबर आहे. मान हलवण्याचा तपशील तर उत्तमच, तिथली माणसं ते लहानपणीच शिकतील. गालाचा दमटपणाही योग्य, उच्छ्वासातलं बाष्पसुद्धा तिथेच रेंगाळतं.

एक दुरुस्ती. वही हलवताना तो स्वतः उलट बाजूला हलेल. चार फटक्यांत पिशवीपासून दूर जाईल किंवा अंगाभोवती वळेल. त्याचे पाय कुठेतरी अडकलेले पाहिजेत.

पाताळयात्री

खरं आहे. प्रत्येक पिशवीखाली पाय अडकवायला पट्टा दिला. आता तो एक पट्टा सोडतो, दुसऱ्यात पाय घालतो, मग वही उघडतो. दृश्य थोडं संथ झालं, पण सहाव्या पिशवीपर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागतो हे आता वाचणाऱ्याला मोजता येईल. सहाव्या पिशवीत कोण आहे ते ठरवायचं आहे. आज रात्री बसतो.